झाशीत उणे चाळीस

यांच्या घराण्यात खंडेनवमीला शस्त्र म्यानात ठेवून पुजत नाहीत. पूर्वज फौजेतून झाशीला आले तेव्हापासूनची रीत. आता तलवार उरली नाही, गाडी आहे. म्हणून यंदा यांनी, म्हणजे आमच्या मार्तंडरावांनी, बॉनेट उघडलं, आतलं जे जे झाकण निघेल ते काढलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि सगळं परत बसवलं. दसऱ्याला गाडी सुरू केली तर स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला, तो काही विझेना.

सिविल लाइंसचा रामकृष्ण मिस्त्री म्हणाला, "भाईसाहब, ले आइए, मशीन लगाके दो मिनट में कोड पढ़ देंगे." हे यांना झोंबलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्याच्या यंत्राकडे कसा जाईल?

"शारदा, बिघाड कुठे आहे ते गाडीच सांगत असते, आकड्यात. वाचायचं यंत्र मी घरी करतो. आणि वाचल्याशिवाय गाडी हलणार नाही."

मी म्हटलं, करा. निवृत्त माणूस दिवसभर माझे डबे उघडून बघतो, त्यापेक्षा बरं.

पण दिवाळीच्या आठ दिवस आधी विद्याधरचा फोन आला. हा माझा धाकटा भाऊ, समथरला असतो. सहा वर्षांपूर्वी आमच्या बकुळच्या लग्नाला येताना त्याची बस वाटेत अडकली. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि मामाच नाही. मुहूर्त टळेल म्हणून मीच शेजारच्या तानाजीभैयांना मामा म्हणून उभं केलं. विद्याधर दहा मिनिटांनी पोचला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेला. तेव्हापासून तो एकाही भाऊबीजेला आला नाही. मीही बोलावलं नाही. मी थोरली, मी का बोलावू?

आता फोनवर म्हणाला, "ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. यंदा भाऊबीजेला यायला काही जमणार नाही."

सहा वर्षं दोन्ही धड गुडघ्यांनिशी जो आला नाही, तो यंदा येत नसल्याचं कळवत होता! मला हसू आलं आणि रडूही. "मग मी येते," म्हटलं आणि त्यानं नको म्हणायच्या आत फोन ठेवला.

आता गाडी चालू होणं भाग होतं. इकडे यंत्राचं काम जोरात होतं. दिल्लीहून मागवलेली सर्किटची एक हिरवी पट्टी, दोन ओळींचा काचेचा पडदा आणि गाडीतल्या सोळा भोकांच्या सॉकेटात घालायची वायर. हे सगळं बसवायला यांनी माझ्या चकल्यांच्या डब्याच्या झाकणाला चौकोनी भोक पाडलं. चकल्या दोन दिवसांत सादळल्या. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाडव्याला पडदा उजळला. एक कोड आला आणि त्याखाली: हवा, उणे चाळीस अंश.

"चूक आहे," हे म्हणाले. झाशीत उणे चाळीस! इथे दिवाळीतसुद्धा पंखा लागतो. यांनी सगळे टाके उसवून पुन्हा झाळले. उणे चाळीस. रात्रभर झोपले नाहीत. भाऊबीजेच्या सकाळी मी रेशमी साडी नेसून, ओवाळायचं ताट पिशवीत भरून उभी, आणि हे गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलेले. पुन्हा उणे चाळीस.

"मी बसनं जाते. तुम्ही बसा कुडकुडत."

"शारदा, माझं यंत्र खोटं बोलतंय," हे अगदी पडेल आवाजात म्हणाले. तो आवाज मला सहन होईना.

"ते हवा मोजतं कुठे?"

"तिथे, त्या काळ्या नळीवर," म्हणत दाखवायला यांनी बॉनेट उघडलं. नळीवरच्या बारक्या सेन्सरची वायर सुटून लोंबत होती, आणि तिच्या टोकाच्या खोबणीत हळदकुंकू गच्च बसलं होतं.

यांनी ते बोटावर घेऊन हुंगलं.

"यंत्र बरोबर होतं. वायर सुटली की गाडी उणे चाळीसच सांगते," हे म्हणाले, आणि लाजण्याऐवजी चांगलेच फुलले. यांनी ब्रशनं खोबण साफ केली, वायर बसवली, डब्यावरचं कोड पुसायचं बटण दाबलं. दिवा विझला.

दीड वाजता समथरला पोचलो. विद्याधर टोपी घालून खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. वाटेत मी चार खडे बोल तयार केले होते. पण आधी त्याची बायको विजयालक्ष्मीच बोलली.

"वन्सं, आधी ओवाळा. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही यांच्या."

"गोळ्या चालू असताना उपाशी? अगं, खाऊ घालायचं ना!"

"यंदा तुम्ही येणार तरी होतात. दर भाऊबीजेला हे असेच बसतात, टोपी घालून. दोन वाजले की म्हणतात, वाढ."

"गाढवा," मी म्हटलं, "मग झाशीला यायचं नाही का?"

"मला वाटायचं, तू बोलावशील."

निरांजन लावायला काडी ओढली, ती विझली. दुसरीही विझली. शेवटी यांनी काड्यापेटी घेतली आणि वात लावून दिली.

"ताई," विद्याधर म्हणाला, "लवकर ओवाळ. फार भूक लागलीय."