मधल्या खांबावरचा चुन्याचा पट्टा

माझ्या कठड्याला मधोमध एक चौकोनी खांब आहे. त्याच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा आहे. सिमेंट ओले असताना कुणाच्या तरी घमेल्याचा काठ तिथे टेकला होता, त्याची ती खूण. पाऊस पडला की खळगा भरतो आणि पाणी बाहेर सांडते. पूर्वी ते चारही बाजूंनी सारखे ओघळत असे. काही वर्षांपासून ते एकाच बाजूने ओघळते, जिकडून ओढा येतो त्या बाजूने. तिथे हिरवे शेवाळ धरले आहे. बाकीच्या तीन बाजू कोरड्या पडल्या आहेत.

एवढीशी गोष्ट. येणाऱ्याजाणाऱ्याच्या ती नजरेस पडत नाही. पण मित्रांनो, साठलेले पाणी जिकडून सांडते ती बाजू खाली गेलेली असते. मी एक जुना पूल आहे, आणि मी कलतो आहे.

सापगावच्या पुढे, भातसा नदीला जाऊन मिळणाऱ्या एका ओढ्यावर मी उभा आहे. माझ्या एका टोकाला शहापूरहून मुरबाडला जाणारा मोठा रस्ता लागतो. दुसऱ्या टोकाला बोरीचा पाडा. मी नव्हतो तेव्हा पाडा पावसाळाभर पलीकडेच अडकून पडत असे.

माझा जन्म रोजगार हमीच्या कामावर झाला. बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले, पुरुषांनी ते घडवले. काठाकडचे माझे दोन्ही आधार कातळावर बसले. ओढ्याच्या पात्रातल्या मधल्या खांबासाठी खणले तेव्हा मात्र कातळ लागला नाही. घट्ट पिवळा मुरूम लागला. मुकादमाने पहार मारून पाहिली आणि म्हणाला की बैलगाड्यांना आणि एका एसटीला एवढे पुष्कळ झाले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. तेव्हा पाड्याकडे दुसरे काही येतच नव्हते.

पहिली एसटी आली तेव्हा रखमी नावाच्या म्हातारीने गाडीला कुंकू लावले, आणि मग वाकून माझ्या कठड्यालाही लावले. तिनेच माझे सर्वांत जास्त दगड वाहिले होते. ती म्हणाली, "तुला मी डोक्यावर घेतलंय, आता तू आमाला घे." मित्रांनो, ते शब्द मी कधी विसरलो नाही. आता ते आठवले की मला धडकी भरते.

माझ्या शेजारी काठावर, कातळात कोरलेला वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड आणि त्याखाली एक पायरी. वाघोबाच्या पायरीला पाणी टेकले की ओढ्यात उतरायचे नाही, हा पाड्याचा जुना नेम. पण पायरी करंजाच्या झाडांआड आहे, रस्त्यावरून ती दिसत नाही. म्हणून एका पुरात पाणी पायरीला टेकले तेव्हा पाड्याच्या पोलीस पाटलांनी माझ्या मधल्या खांबावर ते कुठे आले आहे ते पाहून ठेवले. पाणी उतरल्यावर तिथे चुन्याचा पांढरा पट्टा ओढला. पाणी पट्ट्याला लागले की माझ्या दोन्ही तोंडांशी बांबू आडवा टाकायचा. पट्ट्याखाली उतरले की बांबू काढायचा. दरवर्षी मृगाच्या आधी पाटील खांबावर नवा चुना लावीत आणि वाघोबाला नारळ फोडीत. वाघोबाच्या आणि माझ्या भरवशावर पाडा सुखाने ये-जा करी.

पुढे प्रवासी कमी म्हणून एसटी बंद झाली. एसटी नाही म्हणून घरोघर दुचाकी आल्या. दुचाक्या आल्या म्हणून एसटी परत यायचे कारण उरले नाही. आसनगावला लोकल धरायची तर दुचाकी, दवाखान्यात जायचे तर जीप, गोदामात पाळीला जायचे तर कुणाच्या तरी गाडीत दाटीवाटीने. पाड्याच्या वरच्या माळावर बंगल्यांचे प्लॉट पडले, आणि शनिवारी-रविवारी कल्याण-ठाण्याच्या मोटारी माझ्यावरून रांगेने जाऊ लागल्या. त्यांच्या मागे पाण्याचे टँकर, आणि टँकरच्या मागे खडीचे डंपर.

मी बैलगाडीच्या मापाचा होतो. डंपर मध्यावर आला की माझ्या मधल्या खांबाखालचा मुरूम कण्हत असे. वाहन गेले की तो पूर्वीसारखा वर येत नसे. केसभर खालीच राही. शिवाय पाड्यात नवी घरे बांधताना लोकांनी वाळू माझ्याच पायाशी उपसली, कारण टेम्पो तिथवर सहज येतो. पुराचे पाणी त्या खड्ड्यात गिरक्या घेऊ लागले आणि खांबाखालून मुरूम नेऊ लागले. पाठीवर मध्यावर झोल पडला, तेव्हा लोकांनी त्यात डांबर भरले. झोल पुन्हा पडला, पुन्हा भरले. डांबराचा तो थर आता मलाच जड होतो.

आता खरी भीतीची गोष्ट सांगतो. खांब खाली जात होता, तसा त्याच्यावरचा पट्टाही खाली जात होता. पाणी पूर्वीइतकेच आले तरी ते पट्ट्याला लागू लागले. लोकांनी पाहिले ते एवढेच, की पावसाळ्यात बांबू वारंवार आडवा पडतो. गोदामातल्या पाळ्या बुडाल्या, शाळा बुडाली, दूध नासले. हल्ली ओढा फार वाढलाय, असे सगळे म्हणू लागले. पाऊसच बदललाय, असेही म्हणू लागले. मग कुणीतरी सुचवले की पट्टाच जुना आहे, तो चार बोटे वर घ्यावा. तसा घेतला. दोन वर्षांनी पुन्हा चार बोटे वर घेतला.

मी ओरडून सांगितले असते. पण पुलाला आवाज नसतो. जो असतो तो सांध्यातून येतो, आणि लोक त्याला गाडीच्या पत्र्याचा आवाज समजतात.

आताचे पोलीस पाटील जयराम. पहिल्या पाटलांचेच चिरंजीव. कमी बोलणारा, वाकून चालणारा माणूस. संध्याकाळी माझ्या कठड्यावर माणसे बसत, तेव्हा कमळू त्यांची थट्टा करी. कमळू जीप चालवतो आणि त्याची जीभ जीपहून जोरात पळते. एकदा तो म्हणाला, "पाटील, तुमचा पट्टा दरसाल वर चढतोय. जरा दमानं, नायतर कठड्यावर रंगवाल, अन मग आमी बसायचं कुठं?" सगळे हसले. जयरामही हसले. मी मात्र हादरलो, कारण त्याच्या थट्टेत होते ते सगळे खरे होते आणि ते कुणालाच कळले नव्हते.

जयरामांची सून सारिका शाळेची व्हॅन चालवते. सासऱ्यानेच तिला गाडी शिकायला धाडले होते, तेव्हा पाड्यात बरीच कुजबुज झाली होती. पण तिच्या व्हॅनमुळे पाड्यातल्या मुली आठवीच्या पुढे शिकू लागल्या. व्हॅन दारात येईल आणि दारात आणून सोडील, असा शब्द जयरामांनी घरोघरी जाऊन दिला होता. सकाळी ती दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत लहान मुली असतात. त्यांत खिडकीशी रुचिता, जयरामांची नात. दुसऱ्या फेरीत दर्शना आणि तिच्या बरोबरीच्या मोठ्या मुली. मला टाळून माळामागच्या लांबच्या नव्या रस्त्याने वळसा घालून जायचे, तर वेळेत एकच फेरी होते. मग ज्यांची लग्ने ठरवायची घाई आहे त्या मोठ्या मुलीच घरी बसतील, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

व्हॅन हलकी असते. तिचे ओझे मला डंपरच्या मानाने काहीच नाही. तरी तिची मला सर्वांत जास्त भीती वाटते. ती मध्यावर येते तेव्हा आतले बोलणे मला ऐकू येते. कुणाचा डबा सांडलेला असतो, कुणी पाढे घोकत असते. मी तेवढा वेळ स्वतःला आवळून धरतो. व्हॅन पलीकडे उतरली की सांधे सैल सोडतो, आणि तेव्हा खाली मुरमाचा एखादा खडा सुटून पाण्यात पडल्याचे मला कळते.

गेल्या श्रावणात जयराम वाघोबाला दिवा लावायला उतरले. ओढा भरून वाहत होता. पाणी माझ्या नव्या पट्ट्याला लागले होते आणि वर बांबू आडवा होता. ते पायरीशी वाकले आणि तसेच थांबले. पायरी कोरडी होती. पाणी तिच्या चांगले हातभर खाली होते. त्यांनी एकदा पायरीकडे पाहिले, एकदा माझ्या खांबाकडे. पुन्हा पायरीकडे. वडिलांनी एका रेषेत धरलेल्या दोन खुणा आता एका रेषेत नव्हत्या. वाघोबा कातळावर बसलेला. तो हलणार नाही. त्यांनी दिवा लावला. काडी दोनदा विझली.

त्या दिवसापासून पाड्यात मी आणि जयराम असे दोघेच जाणते होतो. त्यांनी कचेरीत अर्ज दिला. दोन माणसे आली, वरून पाहिले आणि जड वाहनांना मनाई असल्याची पाटी लावून गेली. डंपरवाले पाटीपाशी गाडी थांबवून तंबाखू मळतात आणि पुढे जातात. पाड्यात मात्र जयराम काही बोलले नाहीत. हिवाळ्यात बोलू, म्हणून थांबले. हिवाळ्यात पाणी नव्हते, तेव्हा उन्हाळ्यात बोलू, म्हणून थांबले. मृगाच्या आधी चुन्याचा डबा घेऊन खाली आले, बराच वेळ माझ्या पायाशी उकिडवे बसले आणि शेवटी होता तिथेच चुना लावून वर गेले. त्यांना मी दोष देत नाही. एकीकडे मुलींचे जीव, दुसरीकडे मुलींची शाळा, आणि दोन्हींचा शब्द त्यांनीच दिलेला.

मित्रांनो, ओसाड पडण्याचे भय प्रत्येक पुलाला असते, असे मी ऐकले होते. माझ्या मनात ते भय आता उरले नाही. माझ्यावर गवत वाढावे, शेळ्या बसाव्यात, पोरांनी बोरे वेचावीत. चालेल. फक्त कुणी माझ्या पाठीवर असताना माझा पाय सुटू नये. तुम्ही रोज ज्या पुलावरून जाता त्याच्या खाली एकदा उतरून पाहा. वरचे डांबर कितीही काळे, नवे असले तरी पूल खालीच उभा असतो. आणि एखादी खूण पुन्हापुन्हा वर घ्यावी लागली, तर आधी ती खूण कशावर काढली आहे ते तपासा.

कालचीच सकाळ. रात्रभर पाऊस होऊन गेला होता आणि पाणी उतरत होते. पट्टा नुकताच उघडा पडला होता. बांबू काढायची वेळ झाली होती. दोन्ही तोंडांशी गाड्या खोळंबल्या होत्या. पाड्याच्या बाजूला कमळूची जीप, दुचाक्या, आणि पुढे सारिकाची व्हॅन. आत पहिल्या फेरीच्या मुली दाटीने बसलेल्या. जयराम खाली वाघोबापाशी गेले होते. त्यांनी पायरीवर तळवा ठेवला. पायरी गेल्या श्रावणापेक्षाही उंच, कोरडी राहिली होती. त्याच वेळी माझ्या खांबाखालून मुरमाची मोठी ढेप निसटली. वर कुणाला काही कळले नाही. जयरामांनी मात्र माझ्या पायाशी पिवळे पाणी उसळलेले पाहिले.

ते वर आले. एरवी ते थेट बांबूला हात घालतात. काल ते बांबूच्या पुढे, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. सारिकाने खिडकीतून डोके काढले.

"आबा, पट्टा उघडा पडलाय. जाऊ ना?"

मागून कमळूने जीपचा हॉर्न वाजवला. "पाटील, बांबूला पालवी फुटायची वाट बघताय काय? माणसांचा टाइम झालाय."

एकदोघे हसले. जयरामांनी त्याच्याकडे पाहिले, मग व्हॅनकडे. रुचिताने काचेला नाक लावले होते. मी सगळे अंग आवळून धरले होते. काठाकडच्या दोन आधारांवर जेवढा भार घेता येईल तेवढा घेत होतो. तो पुरणार नाही, हे मला माहीत होते.

"पाणी नाय वाढलं," जयराम म्हणाले. आवाज इतका बारीक होता की सारिकाने इंजीन बंद केले. "इतकी वरसं आपण म्हणतोय, ओढा वाढला, ओढा वाढला. ओढा हाय तेवढाच हाय. खांब खाली चाललाय. पट्टा घेऊन खाली चाललाय. मी वाघोबाच्या पायरीवरनं बघितलंय."

कमळू जीपमधून उतरला. कठड्यावरून वाकून त्याने खाली पिवळ्या पाण्याकडे पाहिले. तो दोन पावले मागे सरला. मागच्या दुचाक्याही पायांनीच मागे सरकू लागल्या.

सारिका व्हॅनमधून उतरून सासऱ्यासमोर आली. तिचा चेहरा उतरला होता. मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलली, पण मी ऐकले.

"आबा, वळशानं एकच फेरी होईल. दुसऱ्या फेरीच्या पोरींचं काय? दर्शनाचा बाप तर कारणच शोधतोय."

"त्याच्या दारात मी जाईन. शिव्या घालंल, ऐकीन. रोज जाईन." जयरामांनी मागे न पाहता हात मागे नेला आणि बांबू घट्ट धरला. मग पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पूल बंद. पाणी उतरलं तरी बंद."