जिन्याची करकर

मी एक जुना लाकडी जिना आहे. मित्रांनो, आमच्या गल्लीतली सगळी घरं माझ्याच वयाची. लोक लांबून येऊन त्यांचे फोटो काढतात. घराच्या दर्शनी भागाला हात लावायला मनाई आहे, आत मात्र काय वाटेल ते करावं. त्यामुळे घरमालक आपली सगळी हौस माझ्यासारख्यांवर भागवून घेतात.

मला घडवणाऱ्या सुतारांनी खिळे फारसे वापरलेच नाहीत. खाचेत फळी बसवायची आणि पाचर ठोकायची, अशी त्यांची रीत. पुढे माझ्या मधल्या पायरीची पाचर सुकून सैल झाली आणि पाय पडला की ती करकरू लागली. त्याच सुमारास हे घर विकत घेऊन एक जोडपं राहायला आलं. नवऱ्याला दुरुस्तीचं भारी वेड. गल्लीत त्यांना डागडुजीकाकाच म्हणत. त्यांनी गळकं छप्पर नीट केलं, नवी फरशी बसवली, माझ्या कठड्याला स्वतःच्या हातानं पॉलिश केलं. करकरणारी पायरी तेवढी उद्यावर राहिली आणि काकू त्यांना त्यावरून चिडवत राहिल्या. त्यांची लेक मोठी झाल्यावर उशिरा घरी आली की चपला हातात घेऊन चढायची आणि मी तिची चहाडी करायचो. तेव्हा मी तिच्या फार शिव्या खाल्ल्या.

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. काही वर्षांनी काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग स्वतःचं घरच. "मला घरी जायचंय," म्हणत त्या भर दुपारी वरच्या खोलीतून निघायच्या. दाराला कुलूप लावायला काका तयार नव्हते. तिच्याच घरात तिला कोंडायचं, हे त्यांना पटेना. ते खालच्या मागच्या खोलीत खिडकीचा जुना रंग खरवडत बसायचे आणि कान माझ्याकडे ठेवायचे. पायरी करकरली की उठून यायचे, "चल, सोडतो तुला घरी," म्हणायचे आणि गल्लीत एक फेरी मारून तिला परत आणायचे. आई अशी घराबाहेर निघते, हे मात्र त्यांनी लेकीला कळू दिलं नाही. तिच्या जिवाला घोर नको, असं त्यांना वाटायचं.

एकदा लेक सुट्टीला आली. काका काकूंना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते, तेवढ्यात तिनं सुताराला बोलावलं. सैल पायरीवरून आईचा पाय घसरेल, अशी तिला धास्ती होती. सुतारानं नवी पाचर ठोकली आणि म्हणाला, "आता हत्ती गेला तरी हूं की चूं करणार नाही." लेकीचा खुललेला चेहरा पाहून काका "छान झालं" एवढंच बोलले.

लेकीनं काळजीनं ठोकून घेतलेली पाचर काढायला काकांचं मन होईना, म्हणून ती परत गेल्यावर काही दिवस ते माझ्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. पण खिडकीचं काम अर्धवट राहिलं होतं, तिच्यातून पाणी आत येत होतं. एका दुपारी काकू वर झोपल्याचं पाहून ते पुन्हा खरवडायला गेले. करकर नाही म्हणजे ती वरच आहे, ही कानाची सवय इतक्या लवकर कुठली सुटायला! थोड्या वेळानं काकू कठडा धरून अनवाणी उतरल्या. मधल्या पायरीवर क्षणभर थांबल्यासुद्धा. मी जिवाच्या आकांतानं ओरडू पाहिलं. मित्रांनो, माझ्यातून आवाजच निघाला नाही.

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे. तिथं एका गाडीनं त्यांना उडवलं.

लेक धावत आली. आईचं दिवसकार्य उरकल्यावर माझ्यासमोर उभी राहून तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही घरातच होतात ना? आई जिना उतरून गेली, तुम्हाला कळलं कसं नाही?"

काकांनी मधल्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा डोळा लागला होता."

ते टक्क जागे होते. हे मला ठाऊक आहे, पण मी कुणाला सांगणार? लेकीनं त्यांना माफ केलेलं नाही. तिचा फोनही येत नाही.

मित्रांनो, जुनी घरं हौसेनं सुधारा. सांधे घट्ट झाले की आम्हालाही बरं वाटतं. पण हातोडी उचलण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसाला एवढं विचारा, की ही करकर तुम्हाला कशासाठी हवी आहे का. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, मुलांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

आमचे काका अजून गप्पच आहेत.