मागची खोली

ताईचं पत्र आलं तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. "आता एकटीला करमत नाही. तुझ्याकडे येऊन राहावं म्हणते. मागची खोली अजून तशीच गार असते का रे? माझे गुडघे आता ऐकत नाहीत." उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. ये म्हणावं तर तिचे गुडघे. येऊ नको म्हणवत नव्हतं. शेवटी उत्तराऐवजी घर उबदार ठेवणारा हीट पंप मागवला.

तो बसवायला आलेली मेकॅनिक बोलघेवडी होती. तिने बाहेरच्या भिंतीलगत पंख्याचं मोठं खोकं बसवलं, नळ्या आत घेतल्या, जुना बॉयलर काढून तिथे पाण्याची टाकी उभी केली.

"बाहेर एवढं गारठलंय, आणि हा तिथूनच ऊब आणणार?" मी चाचरत विचारलं.

"आणणार की! गार हवेतही थोडी ऊब असते, काका. हा ती गोळा करतो."

ती गेल्यावर खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावून पाहिला. कोमट! जुन्या बॉयलरवर तो नुसता चटका द्यायचा. फसलो, असं वाटलं. सवयीप्रमाणे खोल्यांची सगळी दारं लावली, झोपताना पंप बंद केला आणि सकाळी कुडकुडत तिला फोन केला.

"बंद केलात?" ती आल्या आल्या हसली. "अहो, ही काय चूल आहे विझवायला? मंद चालू राहू दे. आणि आतली दारं उघडी ठेवा, ऊब सगळीकडे फिरू दे."

दुपारपर्यंत घर उबदार झालं. मागची खोली मात्र गारच.

"इथला रेडिएटर कुठाय?" निघण्यापूर्वी तिथे डोकावत तिने विचारलं.

मी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे.

"वा! म्हणजे सगळी ऊब पुस्तकांना."

"ती कधी तक्रार करत नाहीत," मी पुटपुटलो.

"राहणार कोण आहे इथे?"

"माझी बहीण."

"कधी येणार?"

मी चष्मा पुसायला घेतला. "अजून कळवलं नाही तिला."

"कमाल आहे! त्या बिचाऱ्या तिकडे काय समजत असतील?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी तयारी करतोय. ताईला दिसत होता तो माझा नकार.

मेकॅनिक गेल्यावर पुस्तकं काढली, आणि रिकामं कपाट रेटत रेटत माझ्या खोलीत नेलं. पुस्तकं माझ्या पलंगाखाली, खुर्चीवर, जिथे मावतील तिथे गेली. मग मागच्या खोलीतल्या खाटेवर नुसता बसून राहिलो. संध्याकाळी कधीतरी लक्षात आलं, अंगावरची शाल मी बाजूला काढून ठेवली आहे.

तिथेच बसून लिहिलं, "ताई, मागची खोली आता गार नाही. रेडिएटर हाताला कोमट लागेल. घाबरू नको, तो तसाच असतो. उशीर झाला, तो माझा स्वभाव. ये."

टपालपेटीपाशी हात अडखळला. 'लवकर' लिहायचं राहिलं होतं. पाकीट फोडलं असतं तर ते पुन्हा टेबलावरच पडून राहिलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखतो. खिशातली पेन्सिल काढली, पाकिटाच्या मागे 'लवकर' असं लिहिलं, आणि ते पेटीत सोडून दिलं.