गुलबक्षी कोणासाठी फुलते

वरवट बकालच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या शाळेत फुलांच्या गोष्टींचा कार्यक्रम होता आणि तो सकाळी अकराला ठेवला होता. ही वेळ भाऊरावांच्या सोयीची होती. भाऊराव म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या सोयीनं गावात सभा भरत आणि लग्नातल्या पंगती थांबत. फुलांची सोय कोणी पाहिली नाही.

शाळेच्या बागेत प्रत्येक वाफ्याला एक मूल नेमलं होतं. त्यानं आपल्या फुलाशेजारी उभं राहून त्याच्या नावाची गोष्ट सांगायची. तालुक्याहून आलेल्या परीक्षक मनाली मॅडम त्यातून एकाला निवडणार आणि ते मूल बुलढाण्याला जाणार. तिथे गोष्टी झाल्या की मुलांना एका कॉलेजची प्रयोगशाळा दाखवणार होते. सातवीतल्या मयुरीला त्याचंच वेड लागलं होतं. तिला सूक्ष्मदर्शकातून पाकळी पाहायची होती. शाळेकडेही एक सूक्ष्मदर्शक होता, पण तो मोडेल म्हणून कपाटात ठेवला होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कोणाला मिळत नसे.

गोष्टी रंगराव सरांनी लिहून दिल्या होत्या. सर मराठी शिकवत आणि आसपासच्या गावांतल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत. साधं कारण त्यांना पुरत नसे. गोकर्णाचं फूल गायीच्या कानासारखं दिसतं म्हणून ते गोकर्ण. एवढ्यानं मुलांचं समाधान झालं, सरांचं झालं नाही. त्यांनी त्यात एक ऋषी घातला. अबोलीला वास नाही, ती जणू बोलतच नाही, म्हणून ती अबोली. सरांनी तिला राजकन्या केलं आणि शाप दिला. सदाफुली वर्षभर फुलते हे तिच्या नावातच आहे, तर तिथे एक पतिव्रता आणली. प्राजक्ताची गोष्ट लोकांनी फार पूर्वीच रचलेली आहे. सूर्यावर जीव जडून जळून गेलेल्या राजकन्येची ती गोष्ट चांगलीच आहे. सरांनी तिच्यात सुधारणा केल्या.

मयुरीच्या वाट्याला गुलबक्षी आली. सरांच्या गोष्टीत पुराणकाळच्या एका राजानं पहाटे शंख फुंकला, सूर्याचा पहिला किरण पडला आणि गुलबक्षी उमलली. मयुरीच्या घरी मोरीच्या पाण्यावर गुलबक्षी माजलेली होती. तिच्या फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफल्या की दोऱ्याशिवाय वेणी होते. ती वेणी मयुरी संध्याकाळीच करायची, कारण त्याआधी फुलं उमलतच नाहीत. तिनं सरांना हे सांगितलं. आणखी असंही सांगितलं की ‘गुल’ म्हणजे फारसीत फूल, गुलाबातला आणि गुलमोहरातला ‘गुल’ तोच. शिवाय हे झाड दक्षिण अमेरिकेतलं आहे, काही शतकांपूर्वी समुद्रावरून इकडे आलं, तेव्हा पुराणातल्या राजाला ते दिसणं शक्य नाही. त्यावर सरांनी तिला विचारलं की जास्त कोण शिकलं आहे, ती का ते. काही शिक्षकांना हा प्रश्न फार आवडतो. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

कार्यक्रमाच्या सकाळी गुलबक्षीच्या झुडपावर एकही उमललेलं फूल नव्हतं. सरांनी पताकांचा उरलेला गुलाबी कागद घेतला, फुलं कातरली आणि ती दोऱ्यानं फांद्यांना बांधली. लांबून बरी दिसत होती.

भाऊराव लांब राहिले नाहीत. हर्षलनं प्राजक्ताची सुधारलेली गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, मग ते गुलबक्षीपाशी आले. त्यांनी एक फूल खुडलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. असा अस्सल वास आता कुठं राह्यलाच नाही, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. रंगराव सरांनी मान डोलावली. मग मयुरीला बोलायला सांगितलं.

“भाऊसाहेब, तो कागद हाय,” मयुरी म्हणाली.

भाऊरावांनी हातातल्या फुलाकडे पाहिलं. बोटांना रंग लागला होता. असा उघडा पडलेला माणूस एक तर हसतो, नाही तर हट्टाला पेटतो. हसण्याची त्यांना सवय नव्हती. खरं फूल कुठं आहे, त्यांनी विचारलं. मयुरीनं पीळ घातलेल्या, मिटलेल्या कळ्या दाखवल्या आणि संध्याकाळी फुलतील म्हणाली. मग आपण इथंच बसतो, भाऊराव म्हणाले, आणि खुर्ची मागवली. अध्यक्ष बसले म्हणून मुख्याध्यापक बसले, मुख्याध्यापक बसले म्हणून सगळे बसले. जेवणं तिथेच झाली. रंगराव सर संयमाच्या महतीवर बराच वेळ बोलले. मधेच खाली वाकून त्यांनी मयुरीला सांगितलं की कळी उमलली नाही, तर बुलढाणा तिनं विसरावं.

घरच्या झुडपाबद्दल मयुरीला खात्री होती. पण शाळेतलं झुडूप तिनं संध्याकाळी कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याला पाणीही कमी पडत होतं.

ऊन उतरलं. एका कळीचा पीळ तोंडाशी सैल झाला, मग शेजारचीचा. सगळे बघत असताना काही हललेलं दिसत नव्हतं. नजर वळवून परत पाहिलं की एखादं फूल वाढलेलं असे. थोड्या वेळानं झुडूप गुलाबी झालं.

रंगराव सरांनी माईक घेतला. सकाळपासून मिटून बसलेलं फूल अध्यक्षांच्या सहवासानं उमललं, असं त्यांनी जाहीर केलं. राजा आणि शंख त्यांनी तिथल्या तिथे टाकून दिले. हीच गुलबक्षीची खरी गोष्ट आणि मयुरीच ती बुलढाण्यात सांगेल, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. असं काही नसतं हो, असं भाऊराव म्हणाले, पण टाळ्या थांबेपर्यंत थांबून म्हणाले. आता मयुरीला फक्त मान हलवायची होती.

“हे रोज फुलते, सर,” ती म्हणाली. “उद्या भाऊसाहेब नसतीन, तरी फुलन.”

“मंग कोणासाठी फुलते वं?” भाऊरावांनी विचारलं.

“पतंगासाठी. लांब सोंडेचा असते. अंधारून आलं का येते.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. भाऊराव उठले आणि गाडीकडे गेले. त्यांच्या मागे मुख्याध्यापक गेले. रंगराव सरांनी माईकवरून बुलढाण्यासाठी हर्षलचं नाव पुकारलं आणि तेही धावले. ज्यांना कोणाला गाडीपर्यंत पोचवायचं नव्हतं, अशा दोघीच राहिल्या, मयुरी आणि मनाली मॅडम.

मनाली मॅडम दिवसभरात कोणाशी फारसं बोलल्या नव्हत्या. निवड अजून व्हायची आहे, असं त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना सांगितल्यासारखं सांगितलं आणि आपली खुर्ची झुडपाजवळ ओढली.

“इथं येईल पतंग?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, मॅडम. घरी येते. इथं पाह्यला नाही मी.”

त्या दिवशी शाळेत इतकी माणसं बोलली होती, पण माहीत नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. मॅडमनी पेन काढलं आणि मयुरीचं नाव लिहिलं.

दोघी बसून राहिल्या. अंधारून आलं, डास आले, पतंग आला नाही. मॅडमच्या एसटीची वेळ झाली. मयुरीनं चाचरत विचारलं की आता नाव खोडणार का.

“कशाला?” मॅडम पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. “उद्या परत बस इथं. आला तर आला म्हणून सांग. नाही आला तर बुलढाण्यात तसंच सांग.”