उषाबाईची गढी

टेंभुर्णीच्या भागवतनं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि समुद्राच्या रेतीत खेळायच्या खेळण्यांचं काम मात्र त्याच्याच गळ्यात पडलं.

जालन्याच्या एमआयडीसीत काकासाहेबांचा प्लास्टिकचा कारखाना होता. बादल्या, मग, टोपल्या, लग्नाच्या हंगामात पाण्याचे जग, असा माल तिथं निघायचा. भागवत तिथं बावीस वर्षं डायचं, म्हणजे साच्यांचं, काम करत होता. आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. बादलीचा काठ किती जाड ठेवायचा, कान कुठं लावायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण अलिबागकडचा एक व्यापारी आला आणि म्हणाला, किनाऱ्यावर पोरं ओल्या रेतीचे किल्ले करतात, त्याचे साचे मला पाहिजेत. बाजारात आहेत ते सगळे एकसारखे. मला काहीतरी वेगळं द्या.

काकासाहेबांनी हो म्हणून टाकलं. भागवतनं इंटरनेटवर चित्रं पाहिली, परदेशातल्या राजवाड्यांचे टोकदार मनोरे काढले, त्यांना बारीक कंगोरे दिले, छोट्या खिडक्या दिल्या. कॉम्प्युटरवर ते फार देखणं दिसत होतं. नमुने निघाले, व्यापाऱ्याकडं गेले, आणि चौथ्या दिवशी काकासाहेबांच्या फोनवर व्हिडिओ आला. व्यापाऱ्यानं साचा रेतीनं भरला, उलटा केला, उचलला. मनोऱ्याचं टोक साच्यातच राहिलं आणि खाली नुसता ढिगारा. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा साचा उचलताच येईना.

"भागवतराव, बावीस वर्षांत तुमचा माल पहिल्यांदा परत आला," काकासाहेब म्हणाले. ओरडले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पुण्याच्या एका पोराचं नाव काढलं. डिझाईनचं शिकलेला, बोलावला तर येईल म्हणाले. भागवतला आठ दिवस मिळाले.

त्या रविवारी तो हसनाबादला आपल्या थोरल्या बहिणीकडं गेला. उषाबाई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं. तिनं वीटभट्टीवर हंगामामागून हंगाम काढले, म्हणून भागवतचं आयटीआय झालं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. नवरा कचरू वारल्यावर ती मुलगा-सुनेकडंच राहायची. फुकट गेलेले नमुने भागवतनं तिच्या नातवंडांना खेळायला नेले होते.

अंगणात घरकुलाच्या बांधकामाची रेती पडलेली होती. पोरांनी साचे घेतले, रेती भरली, आणि पाच मिनिटांत कंटाळून टाकून दिले. उषाबाईनं एक उचलला. रेतीवर पाणी शिंपडलं, मुठीत दाबून पाहिली, साचा भरला, उलटा केला, वरून थापटी मारली. टोक मोडलं.

"भागवता, हे कुणी केलं रे?"

"मीच केलं आक्का."

"तू कधी वीट थापली न्हाईस, म्हणून असं झालं." ती हसली. "तोंड मोठं पाहिजे अन् बूड बारीक. तू तर सरळसोट करून ठेवलं. मंग माल सुटंल कसा? अन् हे दाते काहूनला? ओली रेती दाताला धरती. अन् वारा आत कोंडून राहतो, त्याला बाहेर निघायला बुडाशी एक भोक दे."

 टेपर, म्हणजे साच्याला ढाळ, द्यायचा हे भागवतलाही माहीत होतं, पण बादलीला लागतो तेवढाच त्यानं दिला होता. रेतीला किती लागतो हे त्यानं रेतीला विचारलंच नव्हतं.

"आपल्याकडली घरं-देवळं काहून न्हाई करत?" ती म्हणाली. "टेंभुर्णीला असताना मी तुला नदीत करून द्यायची, आठवतं का? तू रडायचा, पाणी आलं की वाहून जातंय म्हणून. थांब, मी करून देते. मंगळवारी ये."

मंगळवारी तो अर्धी सुट्टी टाकून गेला. उषाबाईनं पडक्या भिंतीची पांढरी माती भिजवून, तुडवून, तिच्यापासून चार वस्तू केल्या होत्या. चार बुरुजांची गढी. माळवदाचं घर, बाजूनं वर जाणारा जिना असलेलं. गोल शिखराचं देऊळ. आणि चौथी वस्तू पाहून भागवतला कळेना ती काय आहे. उलट्या पायऱ्यांचा ठोकळा दिसत होता.

"बारव हाय," ती म्हणाली. "हा साचा भरायचा न्हाई. रेतीत दाबायचा अन् सरळ वर उचलायचा. खाली पायऱ्यांची बारव राहती. मंग त्यात पोरांनी पाणी वतावं."

तिनं तिथंच करून दाखवलं. ओल्या रेतीत पायरीन् पायरी उठली. सून प्रभावती चुलीवरचं सोडून बघायला आली.  बावीस वर्षं भागवत साचे करत होता आणि उलटं दाबायचा साचा त्याला सुचला नव्हता.

चारी वस्तू तिनं टोपलीत जुन्या लुगड्यावर ठेवल्या. "बसमध्ये खाली ठेवू नको, मांडीवर घे," म्हणाली. आणि तो निघताना फाटकाशी येऊन थोडं लाजतच म्हणाली, "भागवता, हे तयार झालं ना, की मला एकदा समुद्रावर बघायचंय. तिथल्या रेतीत कसं निघतं ते."

"नेईन की आक्का. बिलकुल नेईन."

दुसऱ्या दिवशी त्या चार वस्तू काकासाहेबांच्या टेबलावर मांडल्या. ते खुर्चीतून उठून टेबलाभोवती फिरले. बारवेचा ठोकळा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "भागवतराव, हे कुठून सुचलं तुम्हाला?"

उत्तर द्यायला फार तर दोन क्षण मिळाले असतील. ते दोन क्षण पुढं भागवतनं कितीदा तरी परत जगून पाहिले. त्याच्या मनात आलं, न शिकलेल्या बहिणीकडून करून आणलं म्हणालो तर शेठ म्हणतील, मंग तुझं काय काम? पुण्याचं पोरगं तर दारातच उभं आहे. आणि तो म्हणाला, "गावाकडचंच आहे सगळं. डोक्यात होतं."

एवढंच. खोटंसुद्धा धड बोलला नाही तो. पण नंतर कुणी विचारलं की तेच वाक्य तोंडात तयार असायचं, आणि दर खेपेला जरा सोपं जायचं.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. माप घेतलं, ढाळ ठरवला, बुडाशी भोक दिलं. गोदावरीकडून रेती मागवून एकेक नमुना पन्नास वेळा उलटा केला. व्यापारी खूश झाला. काकासाहेबांनी खोक्यावर छापायला भागवतचा फोटो काढून घेतला. त्याखाली ओळ टाकली, 'जालन्याच्या कारागिराची कल्पना'. फोटोसाठी वंदनानं, त्याच्या बायकोनं, त्याला नवा शर्ट इस्त्री करून दिला.

माल किनाऱ्यावर दाखवायचा कार्यक्रम ठरला. काकासाहेब म्हणाले, "गाडीत तुमच्यासाठी तीन जागा आहेत. घरच्यांना घ्या."

"वन्संना घेऊ या ना," वंदना लगेच म्हणाली. "त्यांनी कधी समुद्र बघितला न्हाई. अन् हे सगळं त्यांच्याच हातचं हाय."

"गुडघे दुखतात तिचे. एवढा प्रवास झेपायचा न्हाई."

"विचारून तर बघा."

"मी विचारलंय," भागवत म्हणाला.

त्यानं विचारलं नव्हतं. आक्का आली असती तर काकासाहेबांसमोर आपल्या सवयीनं बोलून गेली असती, ही गढी मी केली, हे देऊळ मी केलं. त्याला तेवढीच भीती होती. तिसऱ्या जागेवर पाण्याची बाटली आणि शेवचिवड्याची पिशवी ठेवून ते अलिबागला गेले.

तिथं मोठी मजा झाली. पोरांची झुंबड उडाली. ओल्या काळसर रेतीतून बुरूज स्वच्छ निघाले. एका मुलीनं माळवदाची अकरा घरं ओळीनं काढून त्यांच्यामध्ये बारव दाबली, गाव केलं, आणि तिच्या बापानं भागवतशी हात मिळवला. लोक फोटो काढत होते. भागवतनं तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. तो नक्की कसा दिसला हे त्याला आज आठवत नाही. कुणीतरी आपल्या नावानं हाक मारेल आणि खरं काय ते विचारेल, असंच त्याला दिवसभर वाटत होतं. वंदना परतताना गाडीत त्याच्याशी फार बोलली नाही.

तो दिवाळीला हसनाबादला गेला नाही. काम आहे म्हणून फोन केला. पुढं संक्रांत गेली, उन्हाळा गेला. माल खपला होता. काकासाहेबांनी बोलावून सांगितलं, व्यापाऱ्याला दुसरा संच पाहिजे. नव्या चार वस्तू. जल्दी करा.

मग मात्र भागवत गेला. मिठाई घेतली, आक्कासाठी साडी घेतली. श्रावण संपत आला होता. अंगणात पाऊल टाकलं तर ओसरीवर मातीचे बैल सुकत घातलेले, पोळ्याचे, तीस-चाळीस तरी असतील. आणि आत फळीवर ते खोकं. भोकरदनच्या बाजारातून प्रभावतीच्या भावानं पोरांसाठी आणलं होतं. खोक्यावरून भागवत हसत होता.

उषाबाई हात धुऊन आली. "या," म्हणाली. "बसा. प्रभावती, मामांना पाणी दे."

भागवत उभाच राहिला. जन्मात तिनं त्याला 'या' म्हटलं नव्हतं.

"आक्का, ते खोक्यावरचं..."

"फोटू चांगला आलाय तुमचा."

"शेठनं छापला. मी सांगणार होतो..."

"मी काही म्हणलं का तुम्हाला?" ती खरंच रागात नव्हती. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं, लहानपणीसारखं तिच्या पायाशी बसता आलं असतं. "माती फुकटची, हात घरचे. तुमचं चांगलं झालं, बराबर झालं."

"आक्का, पुढच्या महिन्यात तुला समुद्रावर नेतो. गाडी करतो."

"तवा यायचं होतं मला. तुम्ही वंदनाला घेऊन जाऊन आल्ता, तिनंच सांगितलं फोनवर. माझे गुडघे दुखतात म्हणून न्हाई नेलं म्हणली. मी म्हणलं, हो बाई, फार दुखतात." तिनं पदर सारखा केला. "आता प्रभावतीनं मोबाईलमध्ये दाखवला की समुद्र. झालं बघून."

शरमेनं मान खाली गेली होती, तरी तो ज्या कामाला आला होता ते त्यानं विचारलंच. नव्या चार वस्तू करून देशील का? या खेपेला तुझं नाव टाकू. हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

"हात चालत न्हाईत आता," उषाबाई म्हणाली.

ओसरीवरच्या बैलांकडं दोघांनीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागवतनं काकासाहेबांना सगळं सांगितलं. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधीच जाऊन सांगितलं, म्हणजे माघार घेता येणार नाही. काकासाहेबांनी हातातलं पेपरवेट खाली ठेवलं.

"आधी का न्हाई बोललात?"

"वाटलं, तुम्ही म्हणाल मंग याचं काय काम."

"अहो, मातीचं तिनं केलं, पण ते मशीनवर चढवलं कुणी? मी दोघांचा फोटो छापला असता. बहीण-भाऊ. जास्त खपला असता माल." ते अगदी सहज म्हणाले, व्यापाऱ्याच्या हिशेबानं.  ज्या भीतीपायी भागवतनं हे सगळं केलं, ती भीतीच मुळात फुकाची होती.

पहिल्या संचाच्या पुढच्या छपाईत उषाबाईचं नाव टाकू, असं काकासाहेबांनी कबूल केलं. पण पुढची छपाई झालीच नाही. दुसरा संच भागवतनं स्वतः केला. रेल्वे स्टेशन, पाण्याची टाकी, दीपस्तंभ, पूल. साच्यातून रेती बराबर सुटायची, त्यात चूक नव्हती. पण पोरं एकदा करून बघायची आणि पुन्हा हात लावायची नाहीत. व्यापाऱ्यानं दुसरा कारखाना धरला. खोक्यांचा उरलेला गठ्ठा कारखान्याच्या पोटमाळ्यावर गेला, आणि पुन्हा बादल्या, मग, टोपल्या सुरू झाल्या.

भागवत आता दोन-तीन महिन्यांनी हसनाबादला जातो. दर खेपेला बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवतो. शेठला सांगितल्याचं तर त्यानं तिला कधीच सांगून टाकलं होतं. ती "बरं केलं" म्हणाली होती आणि शेंगा फोडत राहिली होती. आता त्याला सांगायचं आहे ते वेगळं आहे, की गाडीतल्या त्या तिसऱ्या जागेवर आपण पिशवी ठेवली होती.

मागल्या महिन्यात गेला तेव्हा ती शेजारणीसाठी चूल थापत होती. तो बाजूला बसला. तिनं चहा दिला, जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. यंदा कापूस कसा आहे, प्रभावतीच्या धाकट्याला दात आले, हसनाबादचा रस्ता कधी होणार, असं बोलणं झालं. दोनदा त्यानं घसा साफ केला. दोन्ही वेळा तिनं विचारलं, पाणी पाहिजे का.

मग चारची बस आली, आणि तो उठला.