राखणदाराच्या खांबावरची करवत

बोलतेय ती मी, दत्ताराम वखारवाल्याची करवत. गंज दातांना चढलाय, बोलण्याला नाही. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला संशय येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मालवणच्या एका लोहाराने मला घडवलं. दोन टोकांना दोन मुठी, मध्ये पुरुषभर लांब पातं. माझा पहिला मालक इन्सुलीकडचा ठेकेदार. कुठल्याही डोंगराखाली उभा राहिला की तो एकच सांगायचा, "म्हातारी झाडां तेवढी घेतंय." म्हाताऱ्यांमागून तरणी गेली, तरण्यांमागून कोवळी. डोंगर उघडा पडला आणि खालचा व्हाळ मार्गशीर्षातच आटला. बायका रिकाम्या कळश्या घेऊन त्याच्या दारात गेल्या, तोवर त्याने बिऱ्हाड हलवलं होतं. जाताना मला दत्तारामला विकून गेला.

दत्तारामची वखार मिठबावला, खाडीकाठी. होड्यांच्या फळ्या पाडायचं काम. उंडीचं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं, म्हणून होडीवाले तेच मागत. आणि उंडी उरली होती फक्त राखणदार देवाच्या राईत. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी दत्ताराम गावकऱ्यांपुढे जाऊन बसला.

"सगळी नको माका. मोडलेली, वाकडी तेवढी होयी. बियाची मोठी झाडां राखतलंय. एक तोडलंय तर पाच लावतलंय. राय रवली तरच माझी वखार रवतली."

ऐकायला छान. इन्सुलीवालाही छानच बोलायचा.

गावकरी भुलले. यमुनाबाई भुलली नाही. राईतल्या उंडीच्या बिया वेचून ती तेल काढी. तिची चूल त्यावर चाले आणि अर्ध्या गावाचे दिवेही. मोठी उंडी गेली असती, तर तिच्या घाण्यात घालायला काही उरलं नसतं.

मग ठरलं, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे कागदावरची सही माणूस विसरतो, पण देवासमोर सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं की तो शब्द मोडायची छाती कुणाची होत नाही. मला राईतल्या देवळात देवाच्या पाषाणापुढे आडवी ठेवली, शेजारी नारळ. भिकाजी गुरवाने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या दत्तारामाची ही करवत तुझ्या बियाच्या झाडाक लागूची नाय, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी थंडगार पडले. ही करवत, म्हणजे मी. उद्या त्याने बाजारातून दुसरी आणली तर?

"थांब रे भिकाजी," यमुनाबाई पुढे आली. "झाडां करवत तोडता काय दत्ताराम? ती बापडी गुमान पडली हा. तिका कित्याक बांधतस? ह्येचा नाव घाल."

"गो काकी, ताच ता," दत्ताराम हसला.

"ताच आसा तर बोलाक जड कित्याक जाता? वखारीचा नाव घाल. तुझ्या झिलाचा, पोराचा घाल. दुसऱ्यान तोडलेला बियाचा झाड तुझ्या दारात उतरूचा नाय, ता पण घाल. नायतर नारळ उचल आणि घराक जा."

दत्तारामचं हसू मावळलं. मानेवरचा घाम त्याने दोनदा पुसला. मला वाटलं, उचलतोय आता नारळ.

"घाल रे भिकाजी," तो शेवटी म्हणाला. "काकी सांगता तसा घाल."

देवापुढे ठेवलेली वस्तू परत नेत नाहीत, म्हणून मला देवळाच्या खांबाला टांगलं. महिना उलटायच्या आत वखारीत नवी करवत आली. बघा, माझा संशय उगाच नव्हता.

दोन पावसाळे गेले. सहदेव नावाच्या होडीवाल्याला मोठी होडी हवी होती, तळाला एकसंध ओंडका लावलेली. तसा ओंडका फक्त मोठ्या उंडीतून निघाला असता. घाटावरचे दोन तोडवाले दत्तारामला घेऊन थेट राईत आले, माझ्या खांबाखाली उभे राहिले.

"तुम्ही हात लावू नका," त्यातला एक म्हणाला. "झाड आम्ही पाडतो, आमच्या करवतीने. गावकऱ्यांचंही आम्ही बघतो. तुम्ही फक्त दारात उतरवून घ्या."

दत्ताराम उंडीकडे बघत राहिला. त्या बघण्यात भक्ती नव्हती, फळ्यांचा हिशेब होता. मला ती नजर ओळखता येते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमची करवत आसांदे," तो म्हणाला. "गाऱ्हाण्यात माझ्या दाराचा नाव आसा."

सहदेवची होडी विजयदुर्गाला बांधली गेली. पुढे कितीतरी दिवस दत्ताराम कुणाशी धड बोलला नाही. पण पावसाच्या तोंडावर रोपं लावायला आला. यमुनाबाई मागे उभी होतीच. "कुंपण घाल रे, नायतर ढोरांक जेवण घातलंस म्हणान पुण्य मेळतला तुका."

तो मनाने सुधारला की देवाला घाबरला, मला ठाऊक नाही. त्याचं मन मी मागितलंच नव्हतं. उंडी उभी आहे.

आता दरसाल तो येतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो. तुमच्याही गावात कुणी धंदेवाला झाडं राखायचं म्हणत आला, तर त्याला पाट द्या, गुळपाणी द्या, आणि शब्द देताना तो कुणाचं नाव घेतो, ते कान देऊन ऐका.

गाऱ्हाणं संपून माणसं पांगली की यमुनाबाई मागे राहते. खांबाशी येऊन माझ्या दातांवरून बोट फिरवते, ताजा भुसा लागलाय का ते बघते. बोटाला गंज लागतो. तो पदराला पुसून ती बिया वेचायला जाते.