लॉर्नची निळी वाट

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटल्यावर इंग्रिडला पुन्हा सायकलवर बसायची परवानगी मिळाली, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, "हिरव्या वाटांवर मला झोप येते आणि काळ्यांवर जायची आता छाती होत नाही. मधलं काहीतरी बघ."

डोंगरातल्या सायकलवाटांत सोपी ती हिरवी आणि अवघड ती काळी; मधलं म्हणजे निळं. लॉर्नने मनावर घेतलं. घरामागच्या डोंगरावर, देवदारांच्या गर्दीतून, त्याने उन्हाळाभर कुदळ-फावडं चालवून एक नवी वाट उतरवली. वळणं अशी गोल घेतली, की सायकल आपणहून वळावी.

वाटांना पाट्या लावायचं काम सायकल क्लबातल्या नोरीनकडे होतं. ती येऊन सगळी वाट चालून गेली आणि खाली आल्यावर म्हणाली, "सुरेख आहे. पण काळी आहे."

"काळी?" लॉर्न हसलाच. "अगं, जवळजवळ सगळी वाट शाळकरी पोर गाणं म्हणत उतरेल!"

"आणि मधला तो कातळ?"

"तेवढा एकच तर आहे. मी एका हाताने उतरतो तो."

"तू उतरशील रे, तुझं आयुष्य गेलंय त्यात. पण त्याला बाजूने जायला जागा नाही. वाटेचा रंग तिच्या सगळ्यात अवघड जागेवरून ठरतो, सोप्या भागावरून नाही."

"तुला हल्ली सगळंच काळं दिसतं."

नोरीन वाद घालत बसली नाही. "विचार कर," एवढंच म्हणून गेली. लॉर्नने विचार केला नाही. गॅरेजमध्ये निळ्या चौकोनाची जुनी पाटी पडली होती, ती त्याने स्वतःच वाटेच्या तोंडाशी ठोकली.

रविवारी सकाळी दोघं निघाली. इंग्रिड पुढे, तो मागे. आधी ती जपून जात होती. तिसऱ्या वळणानंतर तिने ब्रेक सोडले आणि मोठ्याने हसली. ते हसू ऐकून लॉर्नला खोदाईचा सगळा शीण गेल्यासारखं वाटलं.

मग कातळ आला. रात्रीच्या झिमझिमीने तो ओला होता. इंग्रिडने काठावर सायकल थांबवली आणि खाली पाहिलं.

"वजन मागे टाक आणि सोडून दे," लॉर्न म्हणाला. "निळीच आहे."

"कोणाची निळी?"

"म्हणजे?"

"माझी नक्कीच नाही." ती सायकलवरून उतरली. "आणि मी एकटी आले असते तर? पाटीवर विसंबून वेगात आले असते तर, लॉर्न?"

ती नेच्यांच्या झुडपांना धरून, बऱ्या पायावर भार देत खाली उतरू लागली. मध्येच तिचा पाय सटकला, तसा लॉर्न सायकल टाकून पुढे झाला. ती सावरली. दोन्ही सायकली त्याने एकेक करून खाली आणल्या. खाली उभं राहून त्याने वर पाहिलं. कातळ त्याला पहिल्यांदाच उंच वाटला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो, चुकलंच," इंग्रिड म्हणाली. "खालची वळणं तरी बरी केलीयस ना? चल."

घरी पोचताच त्याने आधी वर जाऊन पाटी काढली, मग नोरीनला फोन केला. ती संध्याकाळी आली. येताना पत्त्यांतल्या चौकटीसारखी काळी खूण असलेली पाटी घेऊन आली. वर म्हणाली, "बाजूने एक पायवाट काढ, मग निळी करून देते."

लॉर्नने ती जागा नीट आठवून पाहिली. बाजूने जायचं तर म्हाताऱ्या देवदाराची मुळं तोडावी लागणार होती. "नको," तो म्हणाला. "काळीच राहू दे."

"म्हणजे माझ्यासाठी केलेली वाट माझी नाहीच!" इंग्रिड कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"पुढच्या उन्हाळ्यात दुसरी करतो."

"कशाला? मी हीच घेणार. कातळापाशी उतरायचं, चालायचं, पुढे बसायचं. आता पाटी खरं सांगते, मग मला कसली भीती?"

आणि तिने तसंच केलं. पानगळीत जवळजवळ दर रविवारी दोघं वर जायची. कातळाशी ती निवांत उतरायची, सायकल हाताने धरून चालायची. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी लॉर्न तो कातळ सायकलवरूनच उतरला आणि खाली तिची वाट बघत बसला. पुढच्या खेपेपासून तोही उतरून तिच्याबरोबर चालू लागला. तेवढ्या वेळात त्यांच्या बऱ्याच गप्पा व्हायच्या.